चाळीसरावांचं नवं मीटर

नव्या मीटरचा खोका काखेत मारून चाळीसराव गॅरेजमध्ये आले, तेव्हा त्यांच्या मेहुण्याने आधी पोटभर हसून घेतलं.

"भाऊजी, तुम्हाला मीटर कशाला हवंय? तुमचा काटा इतकी वर्षं एकाच जागी बसलाय. तिथे रंगाने आकडा लिहून देतो, काम भागेल."

यात खोटं काही नव्हतं. चाळीसराव कधी चाळीसच्या वर गेले नाहीत, म्हणून तर हे नाव पडलं. ते दातांच्या लॅबमध्ये कामाला होते. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे साचे गोळा करायचे, लॅबमध्ये आणून द्यायचे आणि तयार झालेल्या कवळ्या, दातांवरच्या टोप्या, सुटे दात पुन्हा ज्याच्या त्याच्या दवाखान्यात पोचवायचे. ओला साचा खड्ड्यात आपटला की बिघडतो, आणि मग पेशंटला पुन्हा साच्याचा लगदा तोंडात धरून बसावं लागतं. "घाई केली तर लोकांचे दात त्यांच्याच घशात जातील," असं चाळीसराव म्हणायचे, आणि मागून कितीही हॉर्न वाजले तरी आपल्या चालीने जायचे.

"काटा थरथरतो रे," ते म्हणाले. "धड वाचता येत नाही. मोठ्या रस्त्याला आता कॅमेरे लावलेत, उगीच लफडं नको."

"चाळीसरावांना चाळिशी लागली, दुसरं काय! बरं, लावा गाडी आत."

मेहुण्याला घरात सगळे धाकटाच म्हणत. आईवडील लवकर गेले आणि तो बहिणीच्या संसारात, चाळीसरावांच्या दोन खोल्यांत वाढला. चाळीसरावांना मूलबाळ झालं नाही, त्यामुळे धाकट्याचे सगळे लाड तिथेच झाले आणि सगळे धपाटेही. त्याला गाडी शिकवली ती चाळीसरावांनीच, गोदामांमागच्या मोकळ्या मैदानात, याच मोटरसायकलवर. आता धाकट्याचं स्वतःचं गॅरेज होतं, लहानसंच, पत्र्याचं, दोन गाड्या उभ्या राहिल्या की तिसऱ्या माणसाने आडवं होऊन आत शिरायचं.

काटा थरथरत नव्हता. काटा चाळीसरावांना दिसतच नव्हता.

सुरुवात झाली ती रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यापासून. एक दिवस तो पट्टा मधेच वाकडा दिसायला लागला. चाळीसरावांना वाटलं, रंगवणारा पिऊन आला असेल. मग दाराच्या चौकटी वाकड्या दिसायला लागल्या, विजेचे खांब पोटाशी फुगायला लागले. मग मधोमध एक डाग बसला. काचेवर कुणी तेलकट अंगठा टेकवून ठेवावा, तसा. जिथे बघावं तिथे तो डाग, नजर हलवली की तोही हलायचा. घड्याळाकडे पाहिलं तर आकड्यांची कड दिसायची, काटे गायब. मीटरचंही तेच.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण त्यांनी काही आडवळणाने सांगितलं नाही. डोळ्याच्या आतला पडदा मधूनच विरत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. चष्म्याने काही होणार नाही, ऑपरेशनचा उपयोग नाही.

"गाडी चालवता?" त्यांनी विचारलं होतं.

"नाही," चाळीसराव म्हणाले होते. हेल्मेट त्यांच्या मांडीवर होतं.

डॉक्टरीणबाईंनी हेल्मेटकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "चालवू नका," त्या म्हणाल्या.

चाळीसरावांनी हे कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. ती एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्रीला होती, दिवसभर वाफेत उभी राहून यायची. आल्या आल्या तिला काय सांगायचं, असं ते स्वतःशी म्हणत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणत. हळूहळू त्यांनी युक्त्या शोधल्या. माणूस बघायचा असेल तर त्याच्या कानापलीकडे बघायचं, म्हणजे तो डोळ्याच्या कडेला थोडासा सापडतो. सिग्नलचा दिवा दिसला नाही तरी शेजारच्या गाड्या हलल्या की हलायचं. रस्ते तर पाठच होते. कुठे खड्डा, कुठे गतिरोधक, कुठल्या दवाखान्याला किती पायऱ्या, सगळं अंगात मुरलेलं.

फक्त वेगाचा अंदाज चुकायला लागला होता. एकदा कॅमेऱ्याने पकडलं. चाळीसरावांना वेगाबद्दल दंड झाला, ही बातमी लॅबमध्ये दोन दिवस पुरली. सगळे खदखदून हसले, तेही हसले, पण आतून हादरले. आणि त्याच आठवड्यात सुट्या भागांच्या एका दुकानासमोरून जाताना डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी निळं चमकलं. काचेमागे ते मीटर लावून ठेवलं होतं, सगळे आकडे पेटवून. मोठाले, निळे, रसरशीत आठच आठ. ते त्यांना वाचता आले! चाळीसराव तिथेच गाडी बाजूला घेऊन थांबले. कित्येक महिन्यांत त्यांनी आकडा असा स्वच्छ वाचला नव्हता. हे लागलं की झालं, त्यांना वाटलं. हे लागलं की आणखी काही वर्षं कुणाला कळायचं कारण नाही.

धाकट्याने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, इंजिनखाली लाकडी ठोकळा सारून पुढचं चाक उचललं. हेडलाइट खोलला, जुनं मीटर सोडवलं. चाकाच्या आसापासून वर आलेली काळी केबल काढली, तिच्या टोकाला वाळलेलं ग्रीस लागलं होतं. "बघा, आता ही भानगडच नाही," तो म्हणाला. त्याला असली कामं आवडायची, बोलत बोलत करायची सवय. "चाकाला चुंबक लावायचं, त्याच्यासमोर हा सेन्सर. चाक एकदा फिरलं की चुंबक एकदा समोरून जातं. मीटर ते मोजतं. केबल नाही, काटा नाही, तुटायला काही नाही."

चाळीसराव स्टुलावर बसून ऐकत होते. ते खुशीत होते. त्यांनी चहा सांगितला, धाकट्याच्या जुन्या फजितीच्या गोष्टी काढल्या. पहिल्याच दिवशी क्लच सोडून हा गोदामाच्या भिंतीत कसा घुसला होता, आणि घरी ताईला "भिंतच पुढे आली" म्हणून कसं सांगितलं होतं.

"तुम्हीपण माझीच री ओढली होती," धाकटा हसत म्हणाला. "ती तपकिरी वायर द्या बरं."

चाळीसरावांनी वायरींच्या जुडग्यातून एक उचलून दिली.

"ही लाल आहे, भाऊजी."

"तुझ्या गॅरेजात उजेड कुठाय?"

धाकट्याने वर पाहिलं. पत्र्यातल्या काचेतून दुपारचं ऊन थेट गाडीवर पडलं होतं. मग त्याने हात लांब करून वायर स्वतःच घेतली.

वायरी जोडून झाल्या. मग त्याने टायरवर आणि जमिनीवर खडूने खुणा केल्या, ठोकळा काढून गाडी चाकाच्या एका फेऱ्याइतकी पुढे ढकलली, आणि टेपने अंतर मोजलं. टेपचं मोकळं टोक चाळीसरावांनी धरलं होतं. तो आकडा मीटरमध्ये भरला की मीटरला चाक केवढं ते कळतं, त्याने समजावलं. मग पुन्हा चाक उचललं, सेन्सर बसवला, आणि किल्ली फिरवली. मीटर निळं पेटलं. चाळीसरावांना ती निळाई दिसली आणि त्यांनी मान हलवून दाद दिली.

"आता मी चाक फिरवतो," चाकाशी उकिडवा बसत धाकटा म्हणाला. तिथून त्याला मीटर दिसत नव्हतं. "किती दाखवतंय सांगा."

त्याने जोर लावून चाक फिरवलं. चाळीसराव मीटरवर वाकले. निळाईच्या मधोमध तो अंगठा बसला होता. त्यांनी नजर बाजूला नेली, हँडलकडे, आरशाकडे. आकडे कडेला आले आणि विरघळले. दुकानाच्या काचेमागचे ते पेटलेले आठ तळहाताएवढे होते. पुठ्ठ्यावर रंगवलेला नमुना असावा तो, मागे दिवा लावलेला. हे आकडे बोटाच्या पेराएवढे होते.

"दहा," ते म्हणाले.

"वा! पहिल्या झटक्यात लागलं." धाकटा हात पुसत उठला आणि मीटरवर वाकला. चाक अजून फिरत होतं. मीटरमध्ये शून्य होतं. चुंबक सेन्सरपासून जरा लांब राहिलं होतं, इतकंच. असं होतं, त्याच्या हातून नेहमी व्हायचं. तो ते सांगणारच होता, पण थांबला.

"थांबा हं, पुन्हा फिरवतो," तो म्हणाला. या वेळी तो उभाच राहिला आणि पायाने चाकाला रेटा दिला. "आता किती?"

"आता बारा," चाळीसराव म्हणाले. "चांगलं चाललंय की."

मीटरमध्ये शून्यच होतं.

धाकट्याने चाक हाताने थांबवलं. मग तो म्हणाला, "भाऊजी, जरा माझ्याकडे बघा. माझ्या तोंडाला काय लागलंय?"

"ग्रीस असेल. तुझ्या तोंडाला दुसरं काय लागणार?"

"कुठे लागलंय?"

चाळीसरावांनी सवयीने त्याच्या कानापलीकडे नजर नेली आणि मग त्यांना एकदम थकवा आला. इतके दिवस धरून ठेवलेलं काहीतरी हातातून सुटलं.

"तोंड नाही दिसत रे तुझं," ते म्हणाले. "कान दिसतात."

धाकटा जमिनीवरच बसला, टायरला टेकून. त्याने एकेक विचारलं, आणि चाळीसरावांनी सगळं सांगितलं. पट्टा, अंगठा, डॉक्टरीणबाई. बोलायला सुरुवात केल्यावर ते थांबेनात. मधूनच विनोदही करत होते. बोर्ड दिसत नाहीत त्याचा एक फायदा, जाहिराती वाचाव्या लागत नाहीत. धाकटा हसला नाही.

"ताईला माहीत आहे?"

"नाही."

"आणि तिला मागे बसवून हिंडवता?"

"सावकाश चालवतो मी."

"भाऊजी!" धाकट्याचा आवाज चढला. चाळीसरावांवर त्याने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता. त्याचा त्यालाच धक्का बसला असावा, कारण पुढचं तो अगदी हळू म्हणाला. "किल्ली माझ्याकडे राहू द्या."

"असं करू नकोस. रस्ते मला पाठ आहेत, डोळे मिटून जाईन."

"रस्ते पाठ आहेत. माणसं पाठ आहेत का?"

चाळीसरावांनी गाडीच्या सीटवर हात ठेवला. मग ते म्हणाले, "लॅबमध्ये मला दुसरं काही येत नाही. गाडी गेली की मी नुसता बसणार. बसून काय करू, तू सांग."

धाकटा उठला, चुंबक थोडं पुढे सरकवून घट्ट केलं, चाक फिरवलं. मीटरने या वेळी बरोबर आकडा दाखवला. तो कुणीच मोठ्याने वाचला नाही. हेडलाइट बसवून, स्क्रू आवळून त्याने काम पुरं केलं, कारण अर्धवट गाडी रस्त्यावर काढता येत नाही. मग तो पुढे बसला आणि चाळीसराव मागे. ज्या गाडीवर त्यांनी त्याला बसायला शिकवलं, तिच्यावर त्यांना पाय कुठे ठेवावेत कळेना. धाकट्याने वाकून त्यांचा पाय हाताने धरून फुटरेस्टवर ठेवला.

बायको नुकतीच कामावरून आली होती, गॅलरीत ओले कपडे वाळत घालत होती. "आज उलटी वरात कशी?" तिने वरूनच विचारलं. धाकट्याने मान वर केली नाही, तेव्हा ती हातातला टॉवेल तसाच घेऊन खाली आली.

तिला सांगितलं ते धाकट्याने. चाळीसराव खुर्चीत बसून होते. ती रडेल, देवाला बोल लावेल, निदान "मला आधी का नाही सांगितलंत" म्हणेल, असं त्यांना वाटलं होतं. तिने वेगळंच विचारलं.

"त्या दिवशी पुलाखाली ती बाई मधे आली, लेकराची गाडी ढकलत. ती दिसली होती तुम्हाला?"

चाळीसरावांना खोटं बोलवेना. "नाही. तू किंचाळलीस म्हणून ब्रेक दाबला."

"तुम्ही म्हणालात, तिलाच अक्कल नाही."

"हो."

"मीसुद्धा मागे वळून तिला बोलले. नको नको ते बोलले." ती उभीच होती. "लेकराची टोपी पिवळी होती. इतकं जवळून दिसलं मला."

मग ती आत गेली आणि स्वयंपाकाला लागली. त्या दिवशी ती आणखी काही बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशीही नाही. नंतर बोलायला लागली, पण जेवायला वाढलंय, टॉवेल उजव्या हाताला आहे, असं. ताटातलं काय कुठे आहे ते सांगायची, न चुकता सांगायची. रागाने नाही. चाळीसरावांना वाटायचं, हिने एकदा भांडून घ्यावं. तिने तेवढं केलं नाही.

लॅबच्या मालकीणबाईही वाईट वागल्या नाहीत, त्यामुळे कुणावर चिडायचीही सोय राहिली नाही. त्यांनी चाळीसरावांना आत काम दिलं. डब्या पुसायच्या, कवळ्या पाकिटात भरायच्या. पाकिटांवरची नावं चाळीसराव बोटाने चाचपायचे, जणू त्याने वाचता येईल. दुसऱ्याच आठवड्यात दोन पाकिटांची अदलाबदल झाली आणि एका आजीबाईंच्या तोंडात कुणा पैलवानाची कवळी बसवायचा प्रयत्न झाला. लॅबमध्ये पुन्हा हशा पिकला. पण या वेळी चाळीसराव खोलीत आले की तो थांबायचा, आणि ते त्यांना जास्त लागलं.

चाळीसरावांची गाडी लॅबनेच विकत घेतली. फेऱ्यांसाठी नवी बाई आली, आधी घरोघरी औषधं पोचवायचं काम केलेली, चपळ, तोंडाने फटकळ. मालकीणबाई चाळीसरावांना म्हणाल्या, "तिला दवाखाने माहीत नाहीत. थोडे दिवस मागे बसून जाल का? तुमच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही."

ते दिवस त्यातल्या त्यात बरे गेले. चाळीसराव सकाळी दाढी करून तयार व्हायचे. मागे बसून ते तिला सांगायचे, आता डावीकडे बेकरी येईल, तिच्यापुढच्या बोळात वळ. वळल्या वळल्या गतिरोधक आहे, रंग उडालाय, दिसणार नाही. इथल्या डॉक्टरांना पायऱ्यांवर बूट वाजलेले चालत नाहीत. तिथल्या बाई पाकीट उघडून बघितल्याशिवाय सही करत नाहीत, तेवढ्यात पाणी पिऊन घे. एकही गल्ली चुकली नाही. "काका, तुम्हाला दिसत नाही हे खरं वाटत नाही बघा," ती एकदा म्हणाली. चाळीसराव इतके सुखावले की त्यांनी तिला चहा पाजला.

"मीटर मात्र झकास बसवलंय हो," चहा पिताना ती म्हणाली.

"माझ्या मेहुण्याने बसवलंय," चाळीसराव म्हणाले.

ती वेगाने चालवायची. ते मागून विचारायचे, "किती आहे?" ती म्हणायची, "पंचावन्न." ते म्हणायचे, "पिशवीत ओला साचा आहे." ती कमी करायची. मग विचारणं वाढलं तशी ती सारखं "चाळीस" सांगायला लागली. गुडघ्यांवर लागणारा वारा काही वेगळंच सांगत होता. चाळीसराव पिशवी पोटाशी धरून ठेवायचे. साचे बिघडल्याची तक्रार मात्र कुठून आली नाही. नव्या पद्धतीचा लगदा लवकर सुकतो म्हणे, हे त्यांना नंतर कळलं.

मग तिला सगळं यायला लागलं. ते सांगायच्या आधीच ती वळायची. डॉक्टरांशी तिच्या ओळखी झाल्या, चाळीसरावांच्या कधी झाल्या नव्हत्या इतक्या गप्पा झाल्या. चाळीसराव मागे नुसते बसून राहायचे आणि एखादी तरी गल्ली ती विसरेल म्हणून वाट बघायचे.

एका दुपारी शेवटचा दवाखाना झाल्यावर तिने गाडी बसस्टॉपपाशी थांबवली. "काका, उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल. उगीच उन्हात त्रास कशाला? मला जमतंय आता."

"जमतंय," चाळीसराव म्हणाले. "चांगलं जमतंय तुला."

"बस कुठली ते बघून देऊ का?"

"छे, छे! रोजची आहे. तू हो पुढे."

ती गेली. बस आली. पुढचा बोर्ड म्हणजे एक करडा ठिपका होता. चाळीसरावांनी शेजारच्या माणसाला विचारलं, "ही कुठली?"

"एवढं मोठं लिहिलंय की समोर."

"मला दिसत नाही," चाळीसराव म्हणाले. परक्या माणसाला ते पहिल्यांदाच सांगत होते.

माणूस ओशाळला. पुन्हा पुन्हा सॉरी म्हणाला, त्यांचं कोपर धरून त्यांना वर चढवलं, आत ओरडून जागा करायला लावली. कुणीतरी उठलं. त्या माणसाने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चाळीसरावांना बसता बसता वाटलं.

बस वळणं घेत चालली. प्रत्येक वळण त्यांना अंगाने कळत होतं. घराचा स्टॉप आला, दार उघडलं, लोक उतरले. बायको यायला अजून पुष्कळ वेळ होता. धाकटा गॅरेजमध्ये असणार, आणि हल्ली तो त्यांना बघून हातातलं काम टाकून धावत येत असे. चाळीसराव उठले नाहीत. दार बंद झालं.

शेवटच्या स्टॉपला सगळी बस रिकामी झाली. कंडक्टर जवळ येऊन म्हणाला, "काका, उतरा. संपली."

"परत हीच जाते ना?"

"जाते. पण अर्धा तास थांबेल इथे."

"मग बसतो," चाळीसराव म्हणाले.